पोर झोपेल शे

आबा, तुम्हाला हळू बोलता येत नव्हतं. एरंडोलच्या मार्केट यार्डात ज्वारी-उडदाचे लिलाव पुकारण्यात तुमचं आयुष्य गेलं आणि तोच आवाज घरी मीठ मागतानाही लागायचा. आई म्हणायची, ह्यांनी वरण वाढा म्हटलं की शेजारचेही ताट घेऊन बसतात. आज कामावरून येऊन जरा पडले, तर खाली कुणीतरी भाजीवर घासाघीस करत होतं. झोपमोड झाली आणि राग येण्याऐवजी तुमचीच आठवण आली.

मी दहावीत होते. कापसाच्या भरल्या गाडीवर बसून येताना खाली पडले आणि मांडीचं हाड मोडलं. कापसावर बसून हाड मोडून घेणारी तालुक्यातली पहिलीच पोर, असं तुम्ही पुढे कौतुकाने सांगायचात. त्या दिवशी मात्र तुम्ही तडक जळगावचा दवाखाना गाठलात. डॉक्टरांनी हाडात सळई घातली. दुसऱ्या दिवशी तुम्हाला बाजूला घेऊन ते म्हणाले, "हाड मी जुळवलंय. आता हिला झोप हवी. झोप झाली नाही की दुखणं वाढतं, दुखलं की झोप येत नाही. या वयाच्या पोरांना ते एकदा चिकटलं की जखम भरल्यावरही सुटत नाही. गोळ्या वेळेवर द्या आणि माणसांची गर्दी आवरा." आपल्या गल्लीतल्या एका मुलाचं तसंच झालं होतं. टाके सुकले, पण कंबर दुखायची थांबली नाही आणि शेवटी शाळा सुटली. ते तुम्हाला आठवलं असणार. तुम्ही खुर्ची उचललीत आणि खोलीच्या दाराबाहेर नेऊन ठेवलीत.

गर्दी आवरा म्हणणं सोपं होतं. आपल्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं आणि बघायला गेलं नाही, तर पुढच्या लग्नाची पत्रिका येत नाही. रोज एस.टी. भरभरून माणसं येत होती, प्रत्येकाच्या हातात केळी. पहिल्या दिवशी डोळा लागला रे लागला की कुणीतरी कपाळावर हात ठेवून विचारायचं, "झोपली का बेटा?" दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्यांना दारातच गाठू लागलात. "पोर झोपेल शे," पोर झोपली आहे, एवढं खुणेनं सांगायचं, कारण तोंड उघडलं तर मीच जागी झाले असते. मग पाहुण्याचा दंड धरून समोरच्या चहाच्या टपरीवर. "चाला, चहा पेवाले. बठ्ठं सांगस." तिथे सगळं सांगताना मात्र आवाज मोकळा सुटायचा. आई सांगायची, पाहुण्याचंच केळं सोलून त्यात चहाचा चमचा खुपसून तुम्ही माझं ऑपरेशन करून दाखवायचात. चमचा आत जाताना बायका डोळे मिटून घ्यायच्या. मग ते केळं पाहुण्यालाच खायला लागायचं. लोक तृप्त होऊन परत जायचे. मला बघायचं राहून गेलं हे त्यांना एस.टी.त बसल्यावर आठवायचं.

त्यातूनच घोटाळा झाला. इतकी माणसं जाऊन आली आणि पहिल्या दिवसानंतर पोर कुणीच बघितली नाही! गावात कुजबुज सुरू झाली, पाय कापलेला दिसतो, म्हणून दाखवत नाहीत. ही बातमी शिरपूरला आत्याकडे पोहोचली. ती मिळेल त्या गाडीने निघाली. नेमके तुम्ही टपरीवर चमचा हातात घेऊन उभे, म्हणून तिला कुणी अडवलं नाही.

मी गाढ झोपले आहे. दार धाडकन उघडतं आणि आत्या माझ्या उशाशी हंबरडा फोडते, "माय वं, काय व्हयनं मनी पोरले!" मी दचकते, पाय हलतो, मांडीतून कळ जाते, मीही ओरडते. तुम्ही धावत येता. आत्या तुमच्या गळ्यात पडते, "पोरना पाय कापा का रे भाऊ?" आता तुमचा आवाज फुटणार आणि काचा हलणार, म्हणून आई कानावर हात ठेवते. तुम्ही आधी माझ्याकडे बघता. मग आत्याचे दोन्ही हात धरून, इतक्या हळू की मला ओठच हललेले दिसतात, म्हणता, "अक्का, पाय शे. झोपू दे तिले."

जन्मापासून तुमच्याशी भांडत आलेली आत्या तुमच्या त्या आवाजाला घाबरली. तिने चादर वर करून दोन्ही पाय मोजले, पदराने तोंड पुसलं आणि दाराबाहेरच्या तुमच्या खुर्चीवर जाऊन बसली. मला घरी नेईपर्यंत ती तिथून हलली नाही. तुम्ही पाहुण्यांना निदान चहा पाजायचात, ती नुसती बघायची. एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरांनाही तिने अडवलं, "पोर आत्तेच झोपनी. जराखं थांबा." डॉक्टर हसले आणि आधी बाकीचे पेशंट बघून आले.

मी झोपले, आबा. दिवसा झोपले, जेवता जेवता झोपले. दुखणं कधी कमी झालं ते कळलंच नाही. अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, मी झोक्यावर बसले तेव्हा तुम्ही खालून ओरडत होतात, "हळू घ्या!" आणि तो आवाज अख्ख्या गावाने ऐकला.

एक गोष्ट मात्र घरात कुणाला ठाऊक नाही. तो पाय तेव्हापासून आजवर एकदाही दुखलेला नाही. पण रविवारी सासरचे पाहुणे फार झाले की मी मांडीवर हात ठेवते, "सळईचा पाय आहे," म्हणते आणि आत जाऊन आडवी होते. हे बाहेरून दार ओढून घेतात, सगळ्यांना गप्प करतात आणि कुकरही स्वतः लावतात. म्हणून हे पत्र कपाटात साड्यांखालीच ठेवते आहे. यांच्या हाती लागलं तर रविवारचा स्वयंपाक पुन्हा माझ्याकडे येईल.