बाहेरची मासळी

आई, तुझा आवाज आता बाजारात कुणालाच आठवत नाही, मला मात्र आठवतो. सकाळी कट्टा धुऊन झाला की कमरेवर हात ठेवून तू सगळ्या बायकांना ऐकवायचीस, "हितं आपल्या तळ्याचीच मासळी इकायची. भायेरची एक शेपूट जरी दिसली तरी टोपली उधळून देईन." लोक म्हणायचे, बाई काय कडक आहे, हिच्यामुळेच सोलापुरात आपला मासळीबाजार टिकलाय. मीही लहानपणी मान ताठ करून तुझ्याशेजारी बसायची. आज हे लिहिताना माझ्या मनात तुझ्याबद्दल माया नाही, हे आधीच सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं. आधी मरळ बारीक झाली, मग वाम दिसेनाशी झाली आणि शेवटी जाळ्यात नुसता गाळ यायला लागला. जे काही चार मासे यायचे त्यांचा भाव तू चढवत नेलास, कारण दुसरीकडे कुठे मिळतच नव्हते. माझं लग्न होऊन मी कुर्डुवाडीला गेले होते. नवरा स्टेशनावर हमाली करायचा. किनाऱ्याकडचा एक व्यापारी बर्फात घातलेले बांगडे गाडीने पाठवायचा, त्या पेट्या नवरा रोज उतरवायचा. एकदा तो म्हणाला, "तुज्या आईचा बाजार रिकामा हाय, आन् हितं माल पडून हाय. घिऊन जा की." मी दोन पेट्या घेऊन सोलापूरला आले. तुझ्याकडे यायची छाती झाली नाही, म्हणून मावशीच्या जागेवर बसले. तुझी सख्खी धाकटी बहीण ती, नवरा नसलेली, पदरात पोरं. पेटी उघडली तशी तिच्या तोंडावर हसू आलं.

गिऱ्हाईक जमतंय. गिरणीतले, मागावरचे लोक पिशव्या घेऊन उभे आहेत. आणि तू येतेस. हातात कट्टा धुवायच्या फिनेलची बाटली आहे. माझ्याकडे बघतही नाहीस. झाकण काढतेस आणि दोन्ही पेट्यांवर ओततेस. निळ्या पाठीचे बांगडे पांढऱ्या पाण्यात बुडतात. एक तेलुगू बाई कळवळून म्हणते, "अम्मा, तुमी खाऊ नका ना! आमची पोरं खातील की!" तू मावशीकडे वळतेस. "ऊठ. तुजी जागा गेली."

"अक्का, तळ्यात चिखल हाय गं," मावशी म्हणते. "मी काय चिखल इकू?"

"व्हय, चिखल इक. पन आपल्या तळ्याचा इक."

मग माझ्याकडे बोट करून सगळ्यांसमोर म्हणालीस, "ही माजी पोरगी न्हाय. ही त्या व्यापाऱ्याचा माल हाय."

माझं मी सोसलं असतं. पण मावशी दुसऱ्या दिवसापासून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. उभ्या जन्मात तिने हातोडा धरला नव्हता. एका दुपारी कपची उडाली आणि तिचा उजवा डोळा गेला. मी दवाखान्यातून थेट तुझ्या घरी आले. तू चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस. "मावशीचा डोळा गेला," मी म्हणाले. तुझा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा थापायला लागला. "मी न्हाय फोडला," तू म्हणालीस. मी ओरडले, भांडले, तवा लाथाडावा असं वाटलं. तू शांतपणे भाकरी उलटलीस. "त्यो व्यापारी आज सस्तं देतोय. आपली जाळी चुलीत गेल्यावर कसं देतोय ते बघ. तवा माजी याद काढशील." त्यानंतर तू जिवंत असेपर्यंत त्या घराचा उंबरा मी ओलांडला नाही.

पुढे पाऊस झाला, तळं भरलं, जाळी पुन्हा पाण्यात पडली. पण तोवर लोकांना बाजाराबाहेर मिळणारा बांगडा गोड लागायला लागला होता. मी आणि नवऱ्याने बाजारासमोर एक गाळा भाड्याने घेतला, मावशीला गल्ल्यावर बसवलं. तुझ्या बायका एकेक करून रस्ता ओलांडून आमच्याकडे माल घ्यायला आल्या. शेवटी कट्ट्यावर तू एकटी उरलीस, पुढ्यात पाण्याच्या घमेल्यात वळवळणारी मरळ. मी रोज समोरून बघायची. वाईट वाटलं नाही. बरं वाटायचं.

आणि तू बोलली होतीस तसंच झालं. कट्टा ओस पडला, तशी व्यापाऱ्याची भाषा बदलली. भाव तो सांगेल तो, पेटीत वर ताजा माल आणि खाली मऊ पडलेला. तक्रार केली तर म्हणायचा, "नको असेल तर राहू द्या बाई, दुसरीकडून घ्या." दुसरीकडे होतंच काय? मला तुझी याद आली, आणि त्याचाही राग आला. तुझं खरं ठरलं म्हणून मावशीचा डोळा परत येणार होता का? बाजार वाचवायचा होता तर त्यात बसणारी बाई आधी वाचवायची होतीस.

तू तापाने गेलीस तेव्हा तुला शेवटची आंघोळ मावशीनेच घातली. एका डोळ्याने रडत होती, "माजी अक्का, माजी अक्का" म्हणत होती. मी दारात उभी होते. मला तिचाही राग आला.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, लिहून झालं की फाडून टाकणार आहे. एक गोष्ट तुला कळली असती तर तू कट्ट्यावर उभं राहून हसली असतीस, आणि तेवढं समाधान मला तुला अजूनही द्यायचं नाही. आयुष्यभर बांगडा विकला, त्यावर घर बांधलं, पोरं शिकवली. पण मला बांगडा कधीच आवडला नाही. घरात तो शिजतो त्या दिवशी मी नुसतं आमटी-भात खाते.