महाराष्ट्रमातेचा रंग

बाई, काल पुन्हा मुलांना तुमची गोष्ट सांगितली आणि पुन्हा तिच्या शेवटाला खोटं बोलले. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी चाळीच्या कार्यालयात मी मुलांना इतिहास शिकवते. इंग्रज गेले, पण गोऱ्या कातडीपुढे वाकायची आपली सवय का गेली नाही, हा सध्याचा विषय. थोडी सवय त्यांनी लावली, थोडी आपली आधीचीच होती, हेही सांगते. मुलं जांभया द्यायला लागली की तुम्हाला बोलावते.

संयुक्त महाराष्ट्र मिळाला त्या वर्षी आपल्या काळाचौकीच्या शाळेत, संमेलनाला महाराष्ट्रमातेचा देखावा होता. तुम्ही मला निवडलंत, वर्गातल्या सगळ्यात काळ्या मुलीला. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "अहो, लांबून दिसायची पण नाही ती. पहिल्या बाकावरची गोरी पोर घ्या की." तुम्ही फळ्याकडून मानही न वळवता म्हणालात, "मोर्चात कोण होतं, आठवा. उन्हात राबणाऱ्यांची आई गोरी कुठून असणार?" मला त्यातलं काही कळलं नाही. वाटलं, गोरी पोर आजारी असेल.

आईला मात्र तुमच्या अब्रूची काळजी. तिने लालबागहून पावडरचा डबा आणला. "बाईनी इतको मान दिल्यानी, तेंका कोणी नावां ठेवूक नको," म्हणत माझं तोंड, मान, सगळं पांढरं केलं. हात तेवढे विसरली. पडद्यामागे तुम्ही मला पाहिलंत आणि पदर ओला करून माझं तोंड खसाखसा पुसलंत. "गोऱ्या साहेबाला घालवता घालवता जीव गेला आपला, आणि तू त्याला तोंडाला फासून आलीस?" आई तिथेच उभी होती, हातात डबा घेऊन. तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. तेवढं एक चुकलं तुमचं, बाई. त्याचा मला अजून राग येतो, आणि राग आला की तुमची आठवण जास्तच येते.

मुलांना मी सांगते, की पुसलेल्या तोंडाने मी ताठ मानेने उभी राहिले आणि टाळ्या थांबेनात. काल एक सावळी मुलगी वर्ग सुटल्यावर मागे राहिली. "टीचर, खरंच तशाच गेलात स्टेजवर? मला नसतं जमलं." मी म्हटलं, "हो, तशीच."

नव्हते गेले. तुम्ही समोर खुर्चीत बसायला गेलात, तेवढ्यात मी आईच्या हातातून डबा ओढून घेतला आणि या वेळी हातांनाही पावडर फासली. पडदा उघडला. तुम्ही पाहिलंत, क्षणभर मान खाली घातलीत आणि मग सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्यात. दुसऱ्या दिवशी विषयही काढला नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं. पुढच्या रविवारी त्या मुलीला खरं सांगेन, असंही लिहिणार होते. पण ती मला शूर समजते, बाई, आणि मला ते फार आवडतं.