घोटभर पाण्याचा फॉर्म

२ फेब्रुवारी, सोमवार
ताईचा फोन. पित्ताशयाचं ऑपरेशन, आमच्याच हॉस्पिटलात, २६ तारखेला. भूल दुसरा डॉक्टर देईल. आपल्या माणसाला भूल द्यायची नाही हा माझा नियम. ताई म्हणाली, ऑपरेशनची भीती नाही, तहानेची आहे. बारा वर्षांपूर्वी तिचं हर्नियाचं ऑपरेशन लांबलं होतं. दुपारी तीनपर्यंत ओला रुमाल चोखत पडली होती, आणि मी तो रुमालही काढून घेतला. वॉर्डात 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही' ही पाटी आहे ती माझीच. अक्षरसुद्धा माझंच.
तिला म्हटलं, अगं, आता शास्त्र बदललंय, भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. या वेळी पाणी मिळणार, शब्द दिला. ती बरं म्हणाली.

३ फेब्रुवारी
शास्त्र बदलल्याचा पेपर माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा वर्षं पडून आहे. या अकरा वर्षांत किती माणसं उगाच तहानलेली ठेवली ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. फार लागलं मनाला. पण भावनेच्या भरात काही करायचं नाही. पद्धतशीर करायचं. आधी पाटी काढायची.
दुपारी : स्क्रू गंजलेत. मेंटेनन्सला अर्ज दिला.

५ फेब्रुवारी
सर्क्युलर काढलं. 'पाणी समिती' स्थापन, अध्यक्ष मी. मधल्या काळात गोंधळ नको म्हणून शेवटी एक ओळ टाकली : समितीच्या मंजुरीशिवाय कोणीही परस्पर पाणी देऊ नये. वॉर्डच्या इनचार्ज, मोठ्या सिस्टर, यांनी ते दोनदा वाचलं. काहीतरी बोलणार होत्या, मग नुसतंच बरं म्हणाल्या. बदल म्हटला की जुनी माणसं बिचकतात. सांभाळून घ्यायला हवं.

१० फेब्रुवारी
पहिली मीटिंग. साधं पाणी म्हणजे नक्की काय, यावर दीड तास. सर्जनने विचारलं, गार की कोमट? चेष्टा करत होता असं घरी आल्यावर लक्षात आलं. तोवर त्यावर उपसमिती नेमून झाली होती.

१३ फेब्रुवारी
फॉर्म तयार! तीन सह्या : सर्जन, भूल देणारा डॉक्टर, समितीचा अध्यक्ष. पेशंट समोर पाहिल्याशिवाय अध्यक्षाने सही करायची नाही. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, तुम्ही नसलात तर? म्हटलं, मी कुठे जातोय?

१७ फेब्रुवारी
पहिला फॉर्म, एका रिटायर्ड पोस्टमनचा. तिसरी सही झाली तेव्हा ते टेबलावर पोचले होते. ओठांवर पापुद्रे. मास्क लावताना मी त्यांची नजर टाळली. दिवसभर चैन पडलं नाही. फॉर्म मात्र बिनचूक भरला होता. सुरुवात म्हणून वाईट नाही.
पाटी अजून आहे. मेंटेनन्सला स्मरणपत्र.

२० फेब्रुवारी
भूलतज्ज्ञांच्या परिषदेत भाषणाचं बोलावणं! विषय : नव्या पद्धती वॉर्डात कशा रुजवाव्यात. तारीख नेमकी २६. ताईला विचारलं, जाऊ का? म्हणाली, जा की, एवढा मान देतायत. तिचा नंबर सकाळी आठला, पहिलाच. तहान लागायला वेळ तरी कुठे आहे? फॉर्मवर आधीच सही करून जावं असं वाटलं होतं, पण नियम मीच केलेला.
स्लाइड्स झाल्या बत्तीस.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
भाषण उत्तम झालं. टाळ्या. घसा सारखा कोरडा पडत होता, स्टेजवर दोन ग्लास पाणी प्यालो. फोन बंद ठेवला होता. चालू केला तर मोठ्या सिस्टरांचे नऊ मिस्ड कॉल. सकाळी अपघाताची केस आली आणि ताईचं ऑपरेशन दुपारी अडीचवर गेलं. दोन सह्या झाल्या होत्या. तिसरी माझी.
ताई ठीक आहे. मी नाही.

२७ फेब्रुवारी
ताईने पहिलं काय विचारलं, तर भाषण कसं झालं. मनापासून विचारलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.
मग मोठ्या सिस्टरांना झापायला गेलो. माझ्या बहिणीला घोटभर पाणी देता आलं नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, सर, आम्ही चार वर्षं सगळ्यांनाच देत होतो. ट्रेनिंगमध्ये शिकलो, ऑपरेशनची लिस्ट बघून द्यायचो, केसपेपरवर वेळेसकट नोंद करायचो. पाटी कोणी वाचतच नव्हतं. पाच तारखेच्या सर्क्युलरपासून बंद केलं.
जुने केसपेपर काढले. 'सकाळी ६, पाणी एक ग्लास.' प्रत्येकावर. खाली माझी सही.
विचारलं, मला सांगायचं नाही का? म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही समिती नेमली असती.
म्हटलं, उद्यापासून पूर्वीसारखं द्या. म्हणाल्या, लेखी द्या.

२८ फेब्रुवारी
लेखी आदेशाचा चौथा मसुदा. दोन पानं झालीत. घाई नको, एकदाच काय ते नीट करू.
मेंटेनन्सचा माणूस आला. अर्जात स्क्रू गंजल्याचं वाचून नवे स्क्रू लावून गेला. पाटी आता हलत नाही.
ताईला डिस्चार्ज. बायको तिची बॅग भरत होती. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक रुमाल निघाला, घडी घातलेला, अजून दमट. मी ताईकडे पाहिलं. ती ओशाळली. म्हणाली, तू कामात असतोस रे, म्हणून घरून निघतानाच भिजवून घेतला होता.