सैल धरा, मॅडम

१२ जाने., सोम.
खांदा पुन्हा आखडला. डॉक्टर म्हणाले खेळा, खांदा मोकळा होईल. म्हणून या वयात टेनिस. आता टेनिसमुळे आखडतो. डॉक्टरांना सांगायला हवं, पण त्यांनाही वाटेल मी पेपरातल्या लेखासाठीच मसाला गोळा करतेय.
कोच कांचन. वयानं आमच्या मुलाच्या, निखिलच्या जवळपास, आवाज हेडमास्तरांचा. आज कोर्टच्या त्या टोकावरून: "मॅडम, ते रॅकेट हाये, सापाची मान नाई! कावून एवढं दाबून राहिल्या?"
म्हटलं, सैलच धरलंय.
तिनं येऊन रॅकेट ओढलं. मीही सोबत गेले.

१५ जाने., गुरु.
कांचन: "पोळी करताना लाटणं असं आवळता का?"
"पोळ्या प्रकाश लाटतो."
"मंग सरायलेच पाठवा उद्यापासून."
नवरा पोळ्या लाटतो हे तिला पटलेलं नाही. फोरहँडही पटलेला नाही. मी फटका मारताना श्वास रोखते म्हणे, म्हणून मानेपासून मनगटापर्यंत लाकूड. उपाय: मारताना तोंडानं काहीतरी म्हणायचं. काय म्हणू? "हाव म्हणा."
सकाळभर हाव, हाव, हाव. शेजारच्या कोर्टवरचे पेन्शनर खेळ थांबवून बघत होते. आयुष्यात कुणाला इतक्यांदा हो म्हटलेलं नाही. पण एक बॉल खरंच गेला. हाताला कळलंसुद्धा नाही, आणि तो पलीकडे, मला हवा होता तिथे.
संध्याकाळी नि.चा फोन, पुण्याहून. ऋतुजाचे वडील, भाऊसाहेब, लग्नाच्या बाबतीत अजून 'बघू'वरच. पोरं रजिस्टर लग्न उद्या करतील, पण ऋतुजाचं एकच, बाबा आल्याशिवाय सही नाही. आम्ही बौद्ध, ते अकोल्याचे देशमुख. भाऊसाहेब नाही म्हणत नाहीत हीच तर पंचाईत. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. 'बघू'वर मी इतकी वर्षं लेख लिहिले, सगळे सरकारी कचेऱ्यांवर.

१८ जाने., रवि.
ऋतुजाच्या आईचा फोन. शैलाताई. पहिल्यांदाच बोललो.
"निखिल म्हणत होता तुमी टेनिस शिकून राहिल्या. पुढच्या रविवारी या ना अकोल्याले. आमच्या क्लबात बायकायची डबल्स हाये. माझी पार्टनर गुडघ्यानं बसली."
म्हटलं, ताई, मला काही येत नाही.
"येऊन कोणाले राहिलं?" मग आवाज खाली. "खरं सांगू? घरी या म्हणायची माझी हिंमत नाई. तुमच्याकडे याले हे उठत नाईत. पण रविवारी हे क्लबात खुर्ची टाकून बसतातच. क्लब ना तुमचा, ना आमचा."
बाई सरळ आहे. सरळ माणसांशी कसं बोलायचं याचा मला सराव नाही. हो म्हटलं. (हाव.)

२१ जाने., बुध.
एकही बॉल धड नाही. प्रत्येक फटक्याला एक खुर्ची दिसते, खुर्चीत एक माणूस, चेहरा नाही. फोटोत तो नेहमी अर्धा कापलेला असतो.
कांचन: "कोण बसलं हाये तुमच्या खांद्यावर?"
"अकोल्याचे एक गृहस्थ."
"उतरवा त्याले."
या आठवड्याचा लेख दिला नाही. संपादक म्हणाले, तब्येत? म्हटलं, खांदा. खोटं नाही.

२४ जाने., शनि.
प्रकाश वरूडहून संत्री घेऊन आला. पिशवीभर. रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणे.
"आणि त्यांनी नाही खाल्ली तर?"
"तं आपण खाऊ."
त्याचं असंच. माझं तसं नाही. स्टाफरूममध्ये माझा डबा उघडला की नेमकी सगळ्यांची पोटं भरलेली असायची. तेव्हाही हसून साजरं केलं होतं.
ट्रॅकपँट की सलवार? प्रकाश म्हणतो, काहीही घाल, तोंडावर काय घालशील? विनोद त्याचा. त्याला वर्षातून एखादा होतो.

२५ जाने., रवि.
अकोल्याहून आलो. जसं झालं तसं लिहिते.
भाऊसाहेब पांढऱ्या शर्टात, लांबूनच नमस्कार. प्रकाश त्यांच्या ओळीत बसला. मधली खुर्ची रिकामी, तिच्यावर संत्र्यांची पिशवी. दोघंही समोर बघणारे, जणू मागून कुणी फोटो काढणार आहे.
शैलाताई छान खेळतात. पण मधे बॉल आला की "तुमी घ्या!" आणि एक पाऊल मागे. पुन्हा मधे, पुन्हा "तुमी घ्या!", पुन्हा एक पाऊल मागे. ते पाऊल मी ओळखते. शाळेच्या माठापासून ओळखते; मी पाणी प्यायला गेले की रांग एवढीच मागे सरायची. माझी मूठ आवळत गेली. एक बॉल नेटमध्ये, एक कुंपणाच्या जाळीत, एक तर शेजारच्या चहाच्या टेबलावर. कांचनचं एक अक्षर आठवेना. श्वासही नाही.
बाजू बदलताना मी बोलले. हळू बोलायला हवं होतं. "शैलाताई, मधला बॉल घेत जा. माझ्याजवळ आल्यानं बाटणार नाही तुम्ही."
त्या बघतच राहिल्या. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या क्लबाला ऐकू जाईल अशा: "अवं बाई! तुमी पोराकडच्या! इहीन म्हणून पहिल्यांदा आल्या. तुमच्या पुढचा बॉल मी कशी घेऊ? लोक म्हणतीन पोरीच्या मायले रीत माहीत नाई!"
पलीकडच्या दोघींच्या पाण्याच्या बाटल्या तोंडापर्यंत जाऊन थांबलेल्या. या क्लबात लग्नाचं कुणालाच काही माहीत नव्हतं. शैलाताईंना ते कळायला क्षणभर लागलं. हात तोंडावर गेला. मग तो खाली आला आणि त्यांनी पदर खोचावा तशी टोपी खाली ओढली.
"आता बोलली तं बोलली. चला. सर्व्हिस तुमची."
खुर्च्यांकडे बघायची माझी छाती नव्हती. शरमेनं हातातला जोरच गेला होता. रॅकेट नुसतं बोटांत टेकलेलं. आणि बॉल गेला! हाव म्हटलं की नाही आठवत नाही. परत आला, पुन्हा गेला. मग मधे एक आला, त्यावर आम्ही दोघीही धावलो, रॅकेटवर रॅकेट आपटलं आणि बॉल आमच्यामधून निघून गेला. शैलाताई मोठ्यानं हसल्या. मीही. हरलो, चांगलेच हरलो.
निघताना गेटपाशी भाऊसाहेब समोर आले. इतक्या महिन्यांतलं पहिलं वाक्य:
"रॅकेट फार आवळून धरता तुमी."
धन्यवाद म्हणून मोकळं व्हायचं होतं. मी म्हणाले, "तुम्हीसुद्धा."
त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मुठीत गाडीची किल्ली होती. उघडली तर तळव्यावर किल्लीचे दात लाल उमटलेले. किल्ली खिशात टाकली, नमस्कार केला, गेले.
मूर्तिजापूरला प्रकाशनं गाडी हळू केली. मग: "तुले एक दिवस बिन बोलता राहता येत नाई का?"
पिशवी मागच्या सीटवर नव्हती. खुर्चीवरच राहिली असेल.

२६ जाने., सोम.
झेंडावंदनाला गेले, खांदा वर होत नाही. सलाम अर्धाच.
नि. म्हणतो अकोल्याच्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही. ऋतुजाला क्लबातल्या बायकांचे फोन येतायत. अभिनंदनाचे की चौकशीचे, आवाजावरून कळत नाही.
शैलाताईंना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही.
ती बाई चारचौघांत मला मान देत होती आणि मी तिच्या तोंडावर माठ फोडला. मी चुकले. माठ मात्र चुकला नव्हता. या दोन वाक्यांचं काय करायचं ते कळत नाही. लेखात असतं तर एक खोडलं असतं.

२७ जाने., मंगळ.
फोन नाही.
ग्राउंडवर गेले नाही. कांचनचा मेसेज: "खांदा की ते गृहस्थ?"

२९ जाने., गुरु.
शैलाताईंचा फोन. मी माफीची सुरुवात केली, त्यांनी मधेच तोडली. "राहू द्या. मीबी तं सगळ्या गावाले सांगून बसली." मग: "ह्यांनी काल विचारलं, अमरावतीचं कोर्ट कसं हाये म्हणून."
"मग?"
"मंग माळ्यावरून रॅकेट काढलं. जाळं उसवलं हाये, तार भराले दिलं. रविवारी येऊ म्हणतात. खेळाले."
"आणि घरी?"
"ते नाई बोलले. मी नाई विचारलं. आत्ताच विचारलं तं पुन्हा माळ्यावर ठेवून देतीन." फोन ठेवता ठेवता: "संत्री गोड होती."
कुणी खाल्ली, हे विचारायचं जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. प्रकाशला सांगितलं तर म्हणाला, शाबास.
कोर्टावरून निघालं की डावीकडे आमचं घर, उजवीकडे अकोल्याचा रस्ता. प्रकाशनं कपबशा धुऊन पालथ्या घातल्यात, आत्ताच, रविवारला अवकाश असताना. मी काही बोलले नाही. सराव.
सकाळी कांचननं खूप बॉल टाकले. शेवटचा बरा बसला, आवाजच वेगळा आला. मी तशीच उभी.
"मॅडम," ती म्हणाली, "बॉल गेला. आता तरी बोटं सोडा."
सोडवत होते. करंगळी निघाली. बाकीची अजून नाहीत.