नावापुरती उमेदवार

प्रिय भाऊ,

दचकू नका, बायकोच लिहितेय. अख्खी आकुर्डी तुम्हाला सुजितभाऊ म्हणते, मग मीच का मागे राहू?

अकरा वर्षं तुम्ही वस्तीच्या पाण्यासाठी भांडलात. महापालिकेला दिलेला एकेक अर्ज मी लिहिला. तुम्ही न वाचता खाली सही ठोकलीत आणि पेपरात फोटो तुमचा आला. यंदा नगरसेवकाची जागा महिलांसाठी राखीव निघाली, तेव्हा उमेदवारीचा फॉर्म तुम्ही वकिलाकडून भरून आणलात आणि सही माझी घेतलीत. फ्लेक्सवर तुम्ही हात जोडून उभे, तुमच्या कोपराखाली पासपोर्ट फोटोएवढी मी.

परवा कार्यकर्ते चहाला बसले होते. एकाने विचारलं, "वहिनींना भाषण जमेल का?" तुम्ही हसलात. "तिला काय जमायचंय? नावापुरती आहे ती. सही केली, संपलं तिचं काम." कप गोळा करत मी तिथेच होते.

आज दुपारी निवडणूक कार्यालयात गेले. साहेबांनी विचारलं, "ताई, कुणाचा दबाव नाही ना?"

मी म्हटलं, "होता."

तीनला मुदत संपली. आता चार वाजलेत. खिडकीतून तुमची हलगी ऐकू येतेय. उन्हात दारोदार हात जोडताय. जोडा अजून थोडा वेळ, मी फोन करणार नाही. हे पत्रही देणार नाही. माझं लिहिलेलं तुम्ही कधी वाचलंत?

माघारीचा अर्ज मात्र छान झालाय. लिहिलाही मीच, आणि माझ्या लिहिलेल्याखाली सहीही पहिल्यांदाच माझी.

तुमची नावापुरती,
दीपमाला