खडखड कधीपासून

बाबा, तुमच्या गाडीतून आवाज येत होता. आता बंद झालाय, पण मधले दिवस कसे गेले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, गाडी अजून मीच चालवते. रोज सावनेरच्या शाळेत जाते-येते आणि रविवारी आईला कुठेतरी फिरवून आणते. आईचे गुडघे आता अगदीच गेलेत. ऑटोत तिला पाय वर घेता येत नाही, आणि नव्या गाड्या इतक्या बुटक्या की एकदा बसली की उठवायला दोघं लागतात. तुमच्या गाडीत मात्र ती दाराला धरून आपली आपण चढते. दुसऱ्या कुणाचा हात धरायचा म्हटलं की तिचं तोंड कसं होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

यंदा गाडीला पंधरा वर्षं भरली, म्हणजे पुन्हा आरटीओचं पासिंग आलं. त्यासाठी नेहमीच्या मेकॅनिककडून सर्व्हिसिंग करून घेतली, वरून-खालून साफ करून घेतली आणि निर्धास्त झाले. उन्हाचे दिवस, काचा बंद, एसी सुरू. मग एका संध्याकाळी जरा हवा होती म्हणून एसी बंद करून काच खाली केली, आणि मानकापूरच्या सिग्नलला उभी असताना समोरून, पायांच्या खालून, खडखड सुरू. सिग्नल सुटला, गाडी पळाली, आवाज गायब. पुढच्या सिग्नलला पुन्हा हजर.

मेकॅनिकनं बॉनेट उघडून मिनिटभर ऐकलं. दुकानासमोर तेव्हा ट्रकची रांग लागली होती, त्याला तरी काय ऐकू जाणार. म्हणाला, "मॅडम, डिझेल गाडी आहे, वयही झालं. आतली बेरिंग वाजून राहिली असन. इंजिन खोलावं लागन." इंजिन खोलायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पुण्याला दादाला फोन केला तर त्याला उत्तर तयारच होतं. "भंगारात दे न वं आता. आईले जायचं असलं की मी इथून कॅब बुक करून देत जाईन." माझं डोकंच फिरलं. इथून म्हणे. आईला कॅबमध्ये हात धरून बसवायला हा पुण्याहून हात लांब करणार होता का? मी म्हटलं, पासिंगच्या तारखेपर्यंत मला वेळ दे, आवाज सापडला नाही तर तू म्हणशील तसं. बोलून तर गेले, पण इंजिनातलं मला काय कळतं?

पण मी तुमचा माग बघितलेला आहे. हातमाग बंद पडून तुम्ही लोकांच्या गाड्या चालवायला जाण्याच्या आधीचे दिवस. मी पाटीवर अक्षरं गिरवते आहे, तुम्ही विणताय, आणि मध्येच त्या खटक-खटकमध्ये काहीतरी जास्तीचं वाजतं. मी लगेच खाली वाकून इकडेतिकडे बोट दाखवायला लागते. तुम्ही माझं बोट बाजूला करता. "आवाज कोठून येते हे नको पाहू. कवा येते थे पाय." मग तुम्ही पायाखालची पावडी दाबून थांबता, सुताचा धोटा एकदा फेकून थांबता, फणी ठोकून थांबता. सगळं एकेक करून. मला तेव्हा कंटाळा यायचा. पण माग तुम्ही कधी उगाच खोलला नाही.

तर मीही तेच धरलं. सकाळी अंगणात गाडी सुरू करून बसले. थंड इंजिन, आवाज नाही. गरम झालं, आला. क्लच दाबला, फरक नाही. एसी लावला, इंजिन जरा जोरात फिरायला लागलं, आवाज गेला. एसी बंद, परत आला. ॲक्सिलरेटर दाबला, गेला. शेजारच्या काकूंनी फाटकातून विचारलं, "काहून गा उगीच डिझेल जाळून राहिला?" हो, मला 'गा' म्हणाल्या, बहुतेक बॉनेटमध्ये डोकं घातलेलं बघून पुरुष समजल्या. मी मान वर केली तर हसत सुटल्या. मी काही हसले नाही. मला एक गोष्ट हाती लागली होती. इंजिनाच्या पोटातलं दुखणं असतं, तर जोर दिला की वाढलं असतं. हे तर जोर दिला की गप्प बसत होतं. म्हणजे काहीतरी बाहेरच सैल लोंबत होतं.

आणि तिथेच मला भिवापूरची वाट आठवली. गाडी नवीकोरी होती. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर घेतलेली तुमची पहिली आणि शेवटची. वर्षाची मिरची घेऊन तिथेच दळून आणायला आपण निघालो होतो. मागे आई, आत्या आणि आत्याच्या पायाशी तिखटासाठी नेलेला रिकामा डबा, मी पुढे. उमरेडच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि थोड्या वेळानं खालून काहीतरी वाजायला लागलं. आत्या आपल्या सुनेबद्दल अगदी रंगात येऊन बोलत होत्या. तुम्ही म्हणालात, "अक्का, दोन मिनटं चूप राय वं." झालं. "मले चूप म्हणते काय गा? अन् थेही तुह्या बायकोसमोर?" मग तुम्ही कडेला गाडी लावली, आम्हा सगळ्यांना झाडाखाली पिटाळलं आणि स्वतः गाडीखाली शिरलात. निघालात तेव्हा पांढरा सदरा काळा झाला होता. काय झालं ते सांगितलं नाही. "झालं, चला," एवढंच.

त्याच दिवशी आईच्या डब्याची उचलायची कडी हरवली. भरलेला डबा बिनकडीचा, कमरेवर धरून तिला घरात न्यावा लागला, आणि शिंकून शिंकून ती बेजार झाली. "निघताना होती. डबा अक्काच्या पायाशी होता, त्यांनीच वढताना तोडली अन् फेकून देली." हे तेव्हापासून सुरू झालं ते आजतागायत. आत्याही काही कमी नाहीत. त्यांनी आमच्याकडचं तिखट घेणंच सोडलं. आणि तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात.

मी मेकॅनिककडे गेले आणि म्हटलं, गाडी वर चढवा, खालून बघायचंय. तो थोडा कुरकुरला, पण चढवली. इंजिन सुरू ठेवून त्यानं लाकडी दांड्यानं एकेक जागा दाबली. सायलेन्सरच्या पाइपावर उष्णता अडवायला एक पत्रा असतो. त्यावर दांडा टेकवला आणि खडखड थांबली. काढला, आली. त्याचा एक नट कधीचाच गेलेला होता. आणि तेव्हा कुठे मला सुचलं की मी आवाज कधी येतो ते सतरा वेळा तपासलं, पण कधीपासून येतो ते एकदाही स्वतःला विचारलं नाही. मी त्याला विचारलं, इथे काही होतं का?

"तार बांधली होती न मॅडम. पासिंगले खराब दिसन म्हणून सर्व्हिसिंगमध्ये मीच तोडून टाकली." मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो कान खाजवायला लागला. भंगाराच्या पिपात हात घालून आम्ही दोघांनी ती शोधली. जाड, काळी पडलेली तार, पीळ असा घट्ट की पकडीनंही सुटेना. आणि एका टोकाला, डब्याची कडी ज्यात अडकते तो पत्र्याचा कान, उपटलेला, तसाच अडकलेला.

आईच्या हातात दिली. तिनं तो कान डब्यावरच्या जुन्या खुणेला लावून पाहिला. नेमका बसला. तार उलटसुलट फिरवून पाहिली. मग म्हणाली, "मेला एका शब्दानं बोलला नाही," आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती मला कळलं नाही, मला स्वतःचंही कळत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, "अक्काले फोन लाव." आत्यांना आता नीट ऐकू येत नाही. आई ओरडून ओरडून सांगत होती, "अक्का, कडी यानंच नेली होती वं, यानंच," आणि पलीकडून आत्या विचारत होत्या, कोणाची गाडी?

गाडी पास झाली. मेकॅनिकनं पत्र्याला नवा क्लॅम्प बसवलाय, चांगला मजबूत. दादाला कळवलं, त्यानं अंगठा पाठवला. परवा आई आत्यांकडे तिखट घेऊन जाणार आहे, दाराला धरून आपली आपण चढेल.

हे सगळं लिहिलं खरं, पण पाठवणार कुठे? तेव्हा एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. पासिंग झाल्यावर मी परत मेकॅनिककडे गेले आणि तुमची तार क्लॅम्पवरून पुन्हा बांधून घेतली. त्यानं 'काहून?' विचारलं, तर मी सांगितलं, अजून थोडा आवाज येतो.

येत नव्हता, बाबा.