नानांबरोबर एर्कोलानोला

८ एप्रिल, बडोदे

बॅगा भरून झाल्या. माझी एक, नानांची एक. त्यांच्या बॅगेत थर्मास, सुतळी, इसबगोल आणि चकल्यांचा डबा. म्हटलं, जहाजावर दिवसभर खायला मिळतं. "मिळतं ते मिळू द्या."

जेवलो रावपुऱ्यात त्यांच्याकडेच. गौरी गेल्यापासून रोजच. गोरव्याला कंपनी सुटली की स्कूटर आपोआप तिकडे वळते. सासरे आमटी-भात करतात, जावई जेवतो, भांडी घासतो, घरी येतो. शेजारच्या काकू मागे म्हणाल्या, "मुलगीच राहिली नाही, आता जावई तरी कुठला म्हणायचा." नानांसमोरच. नाना आमटी ढवळत राहिले. मी ताट पुढे ओढलं.

ही क्रूझ गौ.ने ठरवलेली. गेल्या जुलैत, आम्हा तिघांसाठी. ऑगस्टमध्ये ती गेली. डेंग्यू. आठवडाही लागला नाही. मी बुकिंग रद्द करायला निघालो तर नाना म्हणाले, "राहू द्या मंदारराव. तिने ठरवलंय, जाऊन येऊ." पुढे दोघं नुसते व्हिसाचे कागद भरत राहिलो.

पुण्याच्या कंपनीची नोकरीसाठी परत मेल. या महिन्यात काय ते कळवा. नानांना बोललेलो नाही. आईला बोललो ती चूक झाली, सांगलीहून रोज फोन. "पुण्याहून माझ्याकडे चार तासांत येशील. आणि अडतीस हे काय एकटं राहायचं वय आहे का, मंदार?"

११ एप्रिल, मुंबई विमानतळ

पासपोर्ट तपासणारा म्हणाला, हे तुमचे कोण? "वडील," म्हणालो. सासरे म्हटलं की बायको कुठे हा प्रश्न येतोच.

पुढे खुर्चीवर बसल्यावर नाना हळू आवाजात, "तुमचे वडील सांगलीला आहेत. जिवंत आहेत, देवाच्या दयेने. खोटं कशाला बोललात?"

लग्नाला आठ वर्षं झाली असती. अजून अहो-जाहोच. अर्थात ते सगळ्यांनाच अहो-जाहो करतात. फक्त गौ.ला अगं.

विमान उशिरा आहे.

१२ एप्रिल, जहाजावर

जिनोआहून निघालो. जहाज म्हणजे आडवी पाडलेली सोसायटी. लिफ्टा, पाट्या, नाश्त्याची रांग.

तिचं नाव काढायला दोनदा कळवलं होतं. तरी खोलीत तीन पलंग, तीन टॉवेल. जेवणाच्या टेबलावर तीन ताटं. वेटर हसतमुख. तिसऱ्या कधी येणार विचारत होता. मला इंग्रजीतसुद्धा वाक्य जुळेना. तोवर शेजारच्या टेबलावरच्या आणंदच्या ग्रुपमधल्या एक बेन नानांशी गुजरातीत गप्पा मारायला लागल्या. बडोद्याचे का, अरे वा, आणि मग, "दीकरी न आवी?" मुलगी नाही आली?

"आवशे," नाना म्हणाले. येईल.

सूप पीत राहिले. 

१३ एप्रिल

रोमचं बंदर. उतरलो नाही. नाना दिवसभर गॅलरीत. थर्मासमधलं गरम पाणी पीत, बंदरावरच्या क्रेनकडे बघत.

उद्या नेपल्स. गौ.चं उद्याचं सगळं ठरलेलं होतं. जहाजवाल्यांच्या बसने जायचं नाही, बसवाले मेंढरांसारखं हाकतात. आपलं आपण स्टेशनवर जायचं, लोकल गाडीने. आणि पॉम्पेई नाही, एर्कोलानो. ते पण त्याच ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं गाव, पण आटोपशीर. नानांच्या गुडघ्यांना पॉम्पेई झेपणार नाही, असं तिचं म्हणणं. शाळेत इतिहास शिकवायची, पण कधी पाहिलं नव्हतं यातलं काही. तिचा अजिंठासुद्धा राहिला.

मी म्हटलं, नाना, बसनेच जाऊ या का, सोपं पडेल.

"गाडीने."

१४ एप्रिल, नेपल्स. लॉजवर

जहाज गेलं. आम्ही इथे. क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या सगळं गुंता होईल.

सकाळी गाडी मिळाली व्यवस्थित. जुनी, बाहेरून रंगांनी चितारलेली, आत उभं राहायलाही जागा नाही. एका बाईने नानांना उठून जागा दिली. ते खिडकीशी. बाहेर इमारतींच्या पाठी, वाळत घातलेले कपडे, मध्येच समुद्र. नाना म्हणाले, "आपलं भरूच जणू." प्रवासात पहिल्यांदा काही स्वतःहून बोलले. बरं वाटलं.

स्टेशनपासून उतार, सरळ रस्ता. टोकाला फाटक. आणि मग एकदम खाली, खड्ड्यात, ते गाव. वर आजची माणसं राहतात, बाल्कन्यांत कुंड्या, कुणाचा तरी टीव्ही चाललेला. खाली दोन हजार वर्षांपूर्वीच्या गल्ल्या. जळून कोळसा झालेले वासे अजून जागेवर. दारं. एक पलंग. एक दुकान, ओट्यात पुरलेले रांजण. नाना प्रत्येक घरात आत जाऊन उभे राहत, वर छताकडे बघत, बाहेर येत.  मी फोटो काढायला फोन वर केला आणि खिशात टाकला. कुणाला पाठवणार.

शेवटी खाली, जुना किनारा होता तिथे. आता समुद्र लांब गेलाय. दगडी कमानींच्या खोल्या, होड्या ठेवायच्या. त्यांत सांगाडे. एकमेकांना बिलगून. एका ग्रुपची गाइड इंग्रजीत सांगत होती. लोक घरं सोडून इथे आले, समुद्राकडून होड्या येतील, सोडवतील म्हणून थांबले. मग म्हणाली, या प्रतिकृती आहेत, खरी हाडं आत जपून ठेवली आहेत.

"काय म्हणाली?"

सांगितलं.

"थांबले होते," नाना म्हणाले. मग तिथल्या एका दगडावर बसले.

मला वाटलं दमले. पाणी दिलं. थोडं थांबलो. ग्रुप गेला, दुसरा आला, तोही गेला. पाचच्या आत जहाजावर पोचायचं होतं. म्हटलं, नाना, निघू या.

"तू जा."

मला आधी तो "तू" ऐकू आला. अर्थ नंतर.

"म्हणजे?"

"तू जा. मी बसतो. बरं वाटतंय इथे."

"अहो, जहाज सुटेल."

"मूक ने आता, सोड. सुटू दे. मला कुठे जायचंय?"

आवाज अगदी साधा. घरी भाजी काय करू विचारतात तसा. त्यानेच मी घाबरलो. समजावलं. हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला. पहारेकरी बघायला लागला. माझा आवाज चढला. काय काय बोललो. तुम्हाला काय वाटतं, तुमचीच गेली? मला रोज संध्याकाळी रावपुऱ्यात यायचं असतं, दुसरं काही नाही माझ्याकडे, आणि तुम्ही मला इथे परक्या मुलखात टाकून बसता? भर उन्हात, त्या सांगाड्यांसमोर, मराठीत. रडत होतो हे नंतर कळलं.

नाना माझ्याकडे बघत राहिले. उठले नाहीत.

मग मीही बसलो शेजारी. म्हटलं, ठीक. सुटू दे.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन भिंतीवर चढलं. शेवटी नाना म्हणाले, "मंदार, इथे बाथरूम कुठे आहे?"

वर, तिकिटांच्या खिडकीजवळ. त्यांना धरून चढवलं. गुडघे पार गेले होते. बाहेर आल्यावर तोंड धुतलेलं होतं. स्टेशनकडे स्वतःच चालायला लागले. चढ. दर थोड्या पावलांनी थांबत.

एक गाडी डोळ्यांसमोर गेली. पुढची येईपर्यंत फलाटावर उभे. नेपल्सला उतरून टॅक्सी केली. बंदरावर पोचलो तर जहाज निघालेलं. फार लांब गेलेलं नव्हतं, वरच्या डेकवरची माणसं दिसत होती. कुणीतरी हात हलवत होतं. आम्हाला नव्हे.

एक माणूस पाकीट घेऊन उभा होता. जहाजवाल्यांनी आमचे पासपोर्ट त्याच्याकडे ठेवून दिले होते. म्हणाला, काळजी नको, उद्या जहाज सिसिलीत मेस्सिनाला आहे, सकाळची ट्रेन पकडा. लॉजही त्यानेच दाखवलं.

नाना भिंतीकडे तोंड करून झोपलेत. बूट काढलेले नाहीत. काढू का? जागे होतील.

१५ एप्रिल, मेस्सिनाच्या वाटेवर

सकाळी नानांनी फक्त चहा घेतला. गाडी दक्षिणेकडे. उजवीकडे समुद्र, बोगदा, समुद्र, बोगदा.

दुपारी एका ठिकाणी जमीन संपली. डबे सुटे करून जहाजाच्या पोटात ढकलले. रुळांसकट. मी असलं कधी पाहिलं नव्हतं. लोक उतरून जिन्याने वर डेकवर जातात, आम्हीही गेलो. समोर सिसिली.

नाना कठड्याला धरून उभे. म्हणाले, "पुण्याला हो म्हण."



"तुझ्या आईचा फोन आला होता मला. फेब्रुवारीत. म्हणाल्या, तुम्हीच समजवा, तुमचंच ऐकतो तो. रडत होत्या."

म्हणजे इतके दिवस त्यांना माहीत होतं. रोज मला जेवायला वाढत होते आणि माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, ही ट्रिप होऊ दे. मग सांगू." जरा थांबून, "काल तिथे बसलो ना, तेव्हा वाटलं, हा गेला तर बरं. मी बसलो की बसलोच. पण तूही बसलास."

"नाना, तुम्ही या माझ्याबरोबर पुण्याला."

"कोण म्हणून?"

 शब्द शोधत राहिलो तोवर किनारा आला. खाली डब्यात जायची घोषणा झाली.

 बंदरावर आमचं जहाज उभं होतं. आणंदच्या बेन धावत आल्या, "अरे दादा, क्यां गया हता!" नानांनी त्यांना गाडी जहाजात कशी चढवतात ते सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, "बेन, माझी मुलगी येणार नाही. वारली ती ऑगस्टमध्ये." हे मराठीत. त्यांना कळलं.

१८ एप्रिल

माल्टा गेलं. काल दिवसभर समुद्र. टेबलावर आता दोनच ताटं, बेननी वेटरला सांगितलं असणार. नाना झोपतात फार. गुडघा सुजलाय, मलम चोळून दिलं. चोळू देतात.

पुण्याबद्दल पुन्हा काढलं नाही. त्यांनीही.

"कोण म्हणून" याला काहीतरी उत्तर असायला हवं. रात्रंदिवस तेच.

२१ एप्रिल, बडोदे

पोचलो पहाटे. स्टेशनवरून रिक्षाने आधी रावपुरा. वर बॅग नेऊन ठेवली, पाणी भरलं, गॅस सुरू करून दिला. निघताना दारात नाना म्हणाले,

"मंदारराव, उद्यापासून जेवायला येऊ नका."

परत "राव". परत "नका".

"मी डबा लावतो आहे माझ्यापुरता. तुमची ओढाताण होते. गोरव्याहून इतक्या लांब."

म्हटलं, मला लांब नाही.

"मला आहे," म्हणाले. दार लोटलं.

२३ एप्रिल

गेलो नाही. कंपनीतून सुटल्यावर सयाजीगंजमध्ये डोसा खाल्ला, विद्यार्थ्यांच्या गर्दीत. स्कूटर दोनदा सवयीने वळली. दोनदा परत फिरवली.

आईला फोनवर बोललो, तू नानांना का फोन केलास. ती म्हणाली, "त्यांच्याशिवाय कुणाला करणार होते? तू ऐकतोस कुणाचं?"  ती वाईट नाही. तिला मी परत हवा आहे, एवढंच.

पुण्याला सोमवारपर्यंत सांगायचंय.

२५ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी गेलो. कुणाला विचारून नाही, ठरवूनही नाही. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "डबा येतो, पण तसाच परत जातो. बघा जरा."

बेल वाजवली. आत चपलांचा आवाज. दारापर्यंत आला आणि थांबला.

"नाना, मी."

 पलीकडेच होते. श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना, कोण म्हणून. मला माहीत नाही. सुचलं नाही अजून. पण न सुचता येईन मी. चालेल का?"

चपला तिथेच. उघडलं नाही, आत गेलेही नाहीत. मी दाराला हात लावून उभा. खाली कुणी स्कूटर सुरू केली, मुलं ओरडली. मग त्यांनी आतला दिवा मालवला. मीही उतरलो.

सोमवारचं काय करायचं ते अजून कळत नाही. पुण्याला हो म्हटलं तर त्यांचं ऐकलं असं होईल. नाही म्हटलं तर त्यांच्या गळ्यात पडल्यासारखं. दोन्ही मेल लिहून ठेवल्यात, एकही पाठवलेली नाही.

उद्या रविवार. उद्या दुपारी जातो. दुपारी वाऱ्यासाठी ते दार उघडं ठेवतात.